पिंजाऱ्यांच्या गल्लीतले एकतीस दिवे

बिनमिठाचा पाव, अर्धा खाल्लेला.

जुन्या करवहीतली नोंद: "मोना तान्चा, विधवा, लोकर पिंजते. घर सोडलं, फेब्रुवारी १४८२."

संगमरवराची पाटी, अजून कोरी.

पडद्यावर एक दिवा विझतो.

पाटी इलारिओ सरांची. एकोणीस वर्षं नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवून मिळवलेली. मजकूर ठरला होता: सावकाराच्या महालासाठी या गल्लीतल्या एकतीस कुटुंबांना हुसकावलं.

मी जुन्या फ्लोरेन्सचा नकाशा संगणकावर उभा करते. करवहीतलं प्रत्येक घर म्हणजे एक दिवा. घर सुटलं की दिवा विझतो. हुसकावण्याच्या हुकमाची तारीख सरांच्याच पुस्तकातून घेतली: जानेवारी १४८३. घरं सोडल्याची वर्षं वहीतून, जशीच्या तशी.

हॉस्पिटलात सरांच्या मांडीवर लॅपटॉप ठेवला. १४८२ आलं. एकतीस दिवे विझले. हुकूम निघाला १४८३ मध्ये, काळोख्या गल्लीवर.

"हुकमाआधीच गेले?"

"तसं दिसतंय, सर."

"महिना कोणता?"

"नकाशात फक्त वर्ष आहे."

"म्हणजे चाळीस वर्षं मी पोरांना थापा मारल्या म्हण की, दियानोरा." ते हसले, मग बराच वेळ खोकले. "लिही. पाटी रद्द. सही करतो."

"थांबा ना, सर. मी पुन्हा तपासते."

"थांबायला मला वेळ कुठाय, पोरी? दगडावर खोटं नको. पुस्तकातलं निदान खोडता येतं."

अर्ज मागे घेतल्याचं पत्र मीच टाइप केलं. सरांचा अर्धा पाव तसाच राहिला.

नऊ दिवसांनी वही पुन्हा चाळली. डिसेंबर १४८२, कर भरला. त्याखाली, त्याच शाईत, घर सोडलं, जानेवारी १४८२. फेब्रुवारी १४८२. तेव्हा नवं वर्ष मार्चअखेरीस लागायचं. वहीतला तो फेब्रुवारी म्हणजे आपला १४८३ चा. हुकमानंतरचा. सरांनी पुस्तकात हुकमाची तारीख आधीच आपल्या पद्धतीने बदलून घेतली होती. मी वहीतली वर्षं बदलली नव्हती.

हॉस्पिटलात धावले. पलंगावर नवी चादर. सरांची बहीण नेल्ला त्यांचा चष्मा रुमालात गुंडाळत होती.

"काल पहाटे गेला," ती म्हणाली. "शेवटपर्यंत पाटीचंच. म्हणे, बरं झालं, वेळेत कळलं."

मी लॅपटॉप उघडला नाही.

नकाशा आता बरोबर आहे. दिवे हुकमानंतर विझतात. नगरपालिकेचं म्हणणं, अर्ज ज्याने मागे घेतला त्यानेच पुन्हा करायचा.

विद्यापीठातल्या माझ्या पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर एकच ओळ लिहिली होती: फ्लोरेन्सचं वर्ष पंचवीस मार्चला सुरू व्हायचं.