पडली की पाडली

लाकडाने गप्प राहावं, अशी रीत आहे. मीही आजवर ती पाळली. पण परवा माझ्या अंगावर गुळगुळीत पांढरा सनमायका चिकटवला आणि माझं लाकूड कायमचं झाकलं गेलं. आता मला कुणी ओळखणार नाही. म्हटलं, एकदा बोलून टाकावं.

मी एक लांब टेबल आहे. कारखान्याच्या कँटीनमध्ये असतो. माझ्यावर डबे उघडतात, चहा सांडतो, माशा बसतात. पण माझा जन्म यासाठी झाला नव्हता.

मला एका कॉलेजच्या वरच्या मजल्यावर, टोकाच्या खोलीत जोडलं. खोलीतच जोडावं लागलं, कारण अख्खा मी दारातून आत आलोच नसतो. सुतार माझे पाय ठोकताना म्हणाला होता, "एवढ्या मोठ्या टेबलावर जेवायला कोण बसणार?" शिपाई म्हणाला, "जेवायला नाही रे, वाद घालायला." सुतार हसला. "त्याला टेबल कशाला लागतं? माझ्या घरी उभ्यानं चालतो."

त्या खोलीत जुन्या भाषा, तर्कशास्त्र, इतिहास आणि काव्य शिकवलं जायचं. शिकवायच्या त्या बाई. ठेंगणा बांधा, खांद्याला फुगलेली पिशवी, बाराही महिने खोकला. टेबलाच्या टोकाला मानाची जागा असते, तिथे त्या कधी बसल्या नाहीत. मुलांच्या मधोमध खुर्ची ओढायच्या आणि दोन्ही कोपर माझ्यावर टेकायच्या. अजून त्या जागी दोन फिके डाग असतील, सनमायक्याखाली.

बाईंच्या दोन खोडी होत्या. पहिली म्हणजे कर्ता शोधायची. एकदा एका मुलाने जुन्या इतिहासातला उतारा वाचला, "सैन्य आलं आणि गाव जळालं." बाईंनी हात वर केला. "जळालं? आपोआप? गाव काय शेकोटीला बसलं होतं?" मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. "मूळ वाक्यात 'जाळलं' आहे. तू काना एक अक्षर पुढे सरकवलास आणि अख्खं सैन्य निर्दोष सुटलं. पुन्हा वाच."

दुसरी खोड याहून त्रासदायक होती. ज्याच्या विरुद्ध बोलायचं, आधी त्याची बाजू मांडायची. तीही अशी, की तो माणूस समोर असता तर म्हणाला असता, 'हो, माझं म्हणणं हेच.' मुलं वैतागायची. एका मुलीला तर जुन्या काळच्या एका जुलमी राजाची बाजू मांडताना रडू कोसळलं होतं. बाईंनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आता त्याच्या विरुद्ध बोल. बघ, आता तुझा आवाज चढणार नाही."

सुरुवातीच्या वर्षांत माझ्याभोवती जागा पुरायची नाही. खिडकीच्या कट्ट्यावरही मुलं बसायची. त्यातल्या एकाला सगळे रेशीम म्हणायचे. त्याचं बोलणंच तसं मऊ आणि चमकदार होतं. कोणतीही बाजू द्या, तो ती जिंकून दाखवायचा. बाईंचा तो फार लाडका. पण एकदा तो गेल्यावर बाई पुटपुटल्या, "याला दोन्ही बाजू येतात. स्वतःची कुठली, तेवढं सापडायला हवं."

मग वर्षं गेली आणि मुलं आटत गेली. आधी कट्टा रिकामा झाला, मग माझी एक बाजू. शेवटच्या तुकडीत तर बोटांवर मोजण्याइतकी मुलं उरली. त्यात एका बसड्रायव्हरची मुलगी होती. प्रश्न धरला की सोडायची नाही, म्हणून तिचं नावच पडलं चिवट. रेशीमसारखी हुशारी तिच्यात नव्हती. एक उतारा समजून घ्यायला तिला आठवडा लागायचा, पण समजला की तो तिच्या अंगात मुरायचा.

एकदा तिचे वडील आले. ड्युटीवरून थेट, खाकी कपड्यांत. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले.

"बाई, एक विचारू? हे मेलेल्या लोकांचं बोलणं शिकून हिला नोकरी लागेल का?"

बाई जरा वेळ खोकल्या. "लागेल. टिकेलच असं नाही सांगू शकत."

वडिलांना ती थट्टा वाटली. ते मोकळेपणी हसले. बाई गंभीरच होत्या, आणि चिवट माझ्याकडे बघत नखाने माझी कड कोरत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत प्राचार्य वर आले. चेहऱ्यावर दुःख होतं, हे कबूल केलं पाहिजे. "बाई, मागणीच नाही. पालक विचारतात, याचं पुढे काय? मी काय उत्तर देऊ?"

बाई म्हणाल्या, "मलाही देता येत नाही. घरात दिवा असतो तेव्हा त्याने काय होतं, ते सांगता येत नाही. विझला की ठेच लागते."

"ठेच लागल्याची आकडेवारी नसते हो बाई," प्राचार्य म्हणाले आणि जिना उतरून गेले.

विभाग बंद झाला. खोलीत संगणक येणार होते, त्यांना छोटी टेबलं हवी होती. माझे पाय सोडवून मला जिन्याखाली उभं केलं. तिथे ओल होती, आणि माझ्या एका टोकाला बुरशी धरली.

मला तिथून काढलं ते चिवटने. ती एका रंगाच्या कारखान्यात लागली होती. पत्रं लिहायची, बैठकीत कोण काय बोललं ते टिपायचं, असं काम. बैठकीच्या खोलीला मोठं टेबल हवं होतं. तिने मॅनेजरसाहेबांना सांगितलं, "माझ्या कॉलेजात एक पडून आहे, मजबूत आहे." साहेब माणूस वाईट नव्हता. कामगारांच्या मुलांना बक्षिसं द्यायचा, चिवटच्या वडिलांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने गाडी पाठवली होती. "आणा," म्हणाला.

अशी आमची पुन्हा गाठ पडली. बैठक संपली की ती कपबशा उचलताना एकदा माझ्यावरून हात फिरवायची. एक दिवस दुपारी आली, दार लोटलं आणि माझ्यावर डोकं टेकून बसली. शिपायाने विचारलं, "काय झालं ताई?" ती म्हणाली, "बाई गेल्या." त्याला वाटलं कुणी नातेवाईक. तो म्हणाला, "सख्ख्या होत्या?" ती म्हणाली, "हो."

कारखान्यात वाफेची एक मोठी टाकी होती. दाब वाढला की घंटा वाजायची आणि काम थांबवावं लागायचं. पण घंटा जुनी होती, कधीकधी उगाचच वाजायची. एका बैठकीत साहेब वैतागून वायरमनला म्हणाले, "ती घंटा आधी बंद करून टाका. डोकं उठतं, आणि माल अडकतो तो वेगळाच."

टाकी सांभाळणारा फिटर दाराशी उभा होता. "साहेब, दुरुस्त करू या. बंद नको."

"दुरुस्ती नंतर. आधी ऑर्डर पूर्ण होऊ दे."

हे सगळं माझ्यासमोर झालं. चिवटही होती.

पावसाळा सरता सरता टाकी फुटली. मला फक्त हादरा कळला. खिडकीच्या काचा माझ्यावर येऊन पडल्या. फिटर जागच्या जागी गेला. त्याच्यामागे बायको आणि शाळेत जाणारी मुलगी.

दुसऱ्या दिवशी साहेब, चिवट आणि शहरातून बोलावलेला एक नामांकित वकील माझ्याभोवती बसले. सरकारला आणि वर्तमानपत्रांना द्यायचं निवेदन तयार करायचं होतं. वकिलाचे केस पांढरे झाले होते, पण आवाज मी लगेच ओळखला. तो रेशीम होता.

तो सांगत गेला, चिवट लिहीत गेली. "देखभालीतील त्रुटीमुळे घंटा बंद पडली होती. पाळीवरील फिटरच्या ही बाब लक्षात आली नाही." सांगून झाल्यावर त्याने कागद वाचायला घेतला आणि एका जागी थांबला.

"इथे एक काना जास्त आहे."

"जास्त नाही," चिवट म्हणाली. "आहे तिथेच आहे."

साहेबांना कळेना. "कसला काना?"

"पडलीचं पाडली केलंय हिने. घंटा बंद पाडली होती."

"मग खोडा आणि चला पुढे. एका कान्याने काय होतंय?"

वकील मंद हसला. "साहेब, एका कान्याने तुम्ही आत जाल."

त्याने चिवटकडे नीट पाहिलं. मग माझ्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते बोट मध्येच थबकलं. "हे टेबल कुठून आणलंत?"

"कॉलेजातून. वरच्या मजल्यावरचं."

"बाईंचं?"

"हो."

तो अगदी हळू म्हणाला, "म्हणजे जळालं आणि जाळलं तुलाही शिकवलंय. बाळ, मलाही त्यांनीच शिकवलं. कर्ता शोधता येणाऱ्याला तो लपवताही येतो."

"येतो," ती म्हणाली. "पण त्या शोधायलाच सांगायच्या."

साहेबांचा धीर सुटला. "हे बघ, त्या दिवशीचं बोलणं आपल्या चौघांत झालं. त्यातला एक आता नाही. तुझ्या वडिलांची औषधं अजून चालू आहेत ना? विचार कर."

चिवटचा तळहात माझ्यावर होता. ती म्हणाली, "मी हे नाही लिहिणार." तिचा आवाज शूर माणसासारखा नव्हता, ताप भरलेल्या माणसासारखा होता.

वकिलाने पेन काढलं आणि वळणदार अक्षरात स्वतःच लिहिलं. पडली.

वर्तमानपत्रांत तेच छापून आलं. चौकशी लागली, तिची सुनावणीही त्याच बैठकीच्या खोलीत झाली. फिटरची बायको भिंतीशी बसायची, पदर ओठांवर धरून. चिवट साक्षीला उभी राहिली. वकिलाने आपल्या मऊ आवाजात विचारलं, "तुम्ही इंजिनियर आहात?"

"नाही."

"मग शिक्षण काय?"

"जुन्या भाषा. तर्कशास्त्र. इतिहास. काव्य."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. चौकशी अधिकारीही कंटाळले होते. म्हणाले, "बोला, थोडक्यात."

आणि चिवटने आधी साहेबांची बाजू मांडली. घंटा खरंच उगाच वाजायची, ऑर्डर अडली असती तर पगार रखडले असते, कुणी मरावं असं साहेबांच्या मनातही नव्हतं. साहेब मान खाली घालून ऐकत होते. एका जागी तर त्यांनी 'हो' म्हणून मान हलवली. मग ती म्हणाली, "एवढं सगळं खरं असूनही, घंटा बंद करायला त्यांनी सांगितलं. फिटरने नको म्हटलं होतं. ते मी या टेबलापाशी ऐकलं."

तिचा आवाज चढला नाही. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून ठेवला आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. तिचं संपलं तेव्हा मागच्या रांगेतून वायरमन उठला. "तार मी कापली," तो म्हणाला. "साहेबांच्या सांगण्यावरून."

वकिलाने त्या दिवशी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. पण त्याने आपला धंदा बदलला, असंही नाही. गाडीत बसून गेला. अशीच कामं त्याला पुढेही मिळत असतील. तोही बाईंचाच विद्यार्थी, हे मी झाकून ठेवणार नाही. शिकल्याने माणूस चांगला होतोच असं नाही. पण ज्याला चांगलं राहायचं असतं, त्याला निदान आपण कुठल्या वळणावर उभे आहोत ते दिसतं. माझ्याभोवती इतकी वर्षं जे चाललं, त्यातून मला एवढंच कळलं.

चौकशीचा निकाल लागला. फिटरची चूक नव्हती, घंटा साहेबांच्या हुकमाने बंद केली होती, असं त्यात स्वच्छ लिहिलं. साहेब आत गेले नाहीत. त्यांची दुसऱ्या कारखान्यावर बदली झाली, काही जण म्हणतात बढतीवर. वायरमनने स्वतःच काम सोडलं. चिवटला काढलं. कारण सांगितलं, पद रद्द झालं. तिचे वडील काठी टेकत तिचं सामान न्यायला आले होते. लेकीशी एक शब्द बोलले नाहीत. डब्याची पिशवी मात्र तिच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या खांद्याला लावली. नंतर ती दोघं कुठे गेली, मला माहीत नाही. टेबलाला पाय असून उपयोग नसतो.

नवे मॅनेजर आले. त्यांना बैठकीला काचेचं टेबल हवं होतं, म्हणून मी कँटीनमध्ये आलो. फिटरच्या बायकोला कारखान्याने कँटीनमध्येच कामाला घेतलं आहे. सकाळ-संध्याकाळ ती मला ओल्या फडक्याने पुसते. फारशी बोलत नाही.

परवा सनमायका लावून कारागीर गेले, तेव्हा भांडी घासणाऱ्या मावशींनी तिला विचारलं, "त्या ऑफिसातल्या पोरीने एवढी धडपड केली, स्वतःची नोकरी घालवली. तुला काय मिळालं गं त्यातून? माणूस तर परत आला नाही."

ती पुसत राहिली. मग म्हणाली, "नाही आला. पण शाळेत पोरं माझ्या मुलीला म्हणायची, तुझ्या बापाने टाकी फोडली. ती शाळेतच जाईना. निकाल लागला तेव्हा गुरुजींनी तो वर्गात वाचून दाखवला. आता जाते."

बस, एवढंच. एका कान्याची एवढीच कमाई. कुठल्या आकडेवारीत ती येणार नाही.

आता माझ्याभोवती कुणी वाद घालत नाही. वर पांढरा थर आहे, खाली अंधार. पूर्वी जिथे बुरशी धरली होती, ते टोक आतून भुसभुशीत होत चाललंय. फार वर्षं मी टिकणार नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

फक्त एक काम करा. ती मुलगी शाळेत जाते, हे चिवटला कुणी सांगितलेलं नाही. आपण केलं ते फुकट गेलं, असं समजूनच ती कुठेतरी दिवस काढत असेल. तुम्हाला भेटली, तर तिला सांगा.