सातव्या स्थानातला उपग्रह

आमच्या लेकीचं, पद्मजाचं लग्न एका उपग्रहानं अडवलं, असं सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. मला तेव्हा हसू आलं नव्हतं, अन् आजही येत नाही.

पंचाहत्तर सालचा वैशाख. साखरपुडा झालेला, मुहूर्त ठरलेला, रुखवताचे पापड वाळून डब्यात गेलेले. मुलगा डोंगरकड्याचा, सूर्यकांत; कळमनुरीला तहसिलीत कारकून. एके सकाळी त्याचे वडील त्र्यंबकराव वसमतला आमच्याकडं आले, चहा घेतला आणि खिशातून पेपरचं कात्रण काढलं. अमेरिकेनं गेल्या साली सोडलेला दळणवळणाचा उपग्रह आता खेड्यापाड्यांत टीव्ही दाखवण्यासाठी आपल्या बाजूला, आफ्रिकेच्या माथ्यावर सरकवत आणताहेत, असं त्यात होतं.

"बंडोपंत, आकाशात नवीनच काहीतरी येऊन राहिलं. ते कोणत्या स्थानी बसतं, तेवढं पाहून घ्या. मगच लग्न."

दुसरा कुणी असता तर 'लोखंडाच्या डब्याला कसलं आलंय स्थान' म्हणून त्यांना वाटेला लावलं असतं. पण आमचे हे पडले जोशी. देवळाची पूजा, गावाच्या पत्रिका आणि गणिताचा भारी अभिमान. यांचे डोळे चमकले. मी तिथंच कपाळाला हात लावला.

बरं, तो टीव्ही वसमतला दिसणारही नव्हता. निवडलेली खेडी दुसऱ्या राज्यांतली. म्हणजे तमाशा त्यांचा आणि तकलीफ आमची.

दुसऱ्या दिवशी माझा लाल भोपळा गायब. पाहते तर हे ओसरीवर पृथ्वी मांडून बसलेले. भोपळ्यावर खडूनं वसमत, आफ्रिकेच्या जागी चुन्याचा ठिपका आणि उपग्रह म्हणून दोऱ्याला बांधलेली सुपारी भोवती फिरतेय.

"अहो, मी भाजीला काय करू?"

"थांब. तो अजून क्षितिजाखाली आहे."

मी वांगी केली. पेपरात त्याच्याबद्दल दोन ओळी आल्या की हे सुपारी पुढं सरकवायचे. ज्येष्ठ लागला. ठरलेला मुहूर्त तर केव्हाच टळला होता. एका संध्याकाळी हे धावत स्वयंपाकघरात आले.

"उगवला! पश्चिमेला उगवला!"

मी बाहेर जाऊन पाहिलं. पश्चिमेला चिंच होती आणि चिंचेवर बगळे. डोळ्यांनी दिसत नाही म्हणे, गणितानं दिसतो. पत्रिकेत पूर्वेचं क्षितिज पहिलं स्थान आणि पश्चिमेचं सातवं. सातवं म्हणजे विवाहाचं. हा मेला नेमका तिथंच येऊन उगवला होता. आणि या सत्यवचनी माणसानं ते पोस्टकार्डावर लिहून डोंगरकड्याला कळवलं! उत्तर आलं, 'मग थांबू.'

तेव्हा माझा तोल गेला.

"अहो, स्थळ नाकारायचं असलं की लोक काय म्हणतात? पत्रिका जुळत नाही! पोरगी पसंत नाही, दुसरीकडं बरं स्थळ आलं, असं तोंडावर कोणी म्हणतं का? ही पत्रिका तर तुम्हीच जुळवली, सगळं बराबर जुळलं. मग त्यांना आता आकाशातून नवीन काहीतरी आणावं लागणारच. काहून समजून नाही राहिलं तुम्हाला?"

"शास्त्राच्या मधे बोलू नको, गंगू."

पद्मजा तिथंच तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. तिच्यासमोर बोलायला नको होतं, पण माझं तोंड थांबेल तर ना! ती रोज संध्याकाळी विचारायची, "नाना, कुठवर आला?" ते ऐकून मला भडभडून यायचं. पोरगी उपग्रहाचं विचारत नव्हती, स्वतःच्या लग्नाचं विचारत होती. यांना वाटे, मुलीला खगोलाची गोडी लागली.

आषाढ आला. उपग्रह आफ्रिकेवर थांबला. आता तो जागचा हलणार नाही, असं पेपरात आलं. यांनी दोरा ताणून पाहिला आणि चेहरा उतरला. आठवं स्थान, मृत्यूचं. त्या दिवशी धड जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आंघोळ करता करता ओरडले, "गंगू, तो हलतच नाही ना! म्हणजे कधीही पाहा, कुणाचीही पत्रिका मांडा, वसमतच्या प्रत्येकाच्या आठव्यातच बसणार. जो सगळ्यांचा, तो कुणाचाच नाही. दोष नाहीच!"

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला यांचं बोलणं पटलं. चातुर्मासाच्या आधी अजून एक मुहूर्त होता. हे भोपळा पिशवीत घालून एसटीनं डोंगरकड्याला गेले. भोपळा घेऊन व्याह्याकडं जाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही, पण म्हटलं, जाऊ दे, काम होऊ दे.

दिवेलागणीला परतले. पिशवी खाली ठेवली नाही, तसेच ओसरीवर बसले.

"सूर्यकांतचं लग्न झालं. मांडव अजून उतरवलेला नाही. परभणीची मुलगी."

"आणि उपग्रह?" मी किंचाळलेच.

"त्र्यंबकराव म्हणाले, दोष मुलीच्या गावाहून मोजायचा असतो. परभणीहून त्यांना काही अडचण आली नाही." यांचा आवाज फाटला. "गंगू, भोपळ्यावर परभणी आणि वसमत एकाच ठिपक्यात बसतात गं. मी दाखवत होतो. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही."

दोन महिने मनात साठवलेलं किती काय काय मला यांना सुनावायचं होतं. मी फक्त यांच्या हातातली पिशवी काढून घेतली.

पद्मजानं पाण्याचा तांब्या आणून पुढं ठेवला. डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता.

"नाना, यापुढं कोणी पाहायला आलं तर माझी पत्रिका द्यायची नाही. मी नको असले तर तोंडानं म्हणावं, नको आहेस म्हणून. मी ऐकून घेईन. पण तुम्हाला असं पुन्हा कोणी फिरवू नये."

गावाच्या पत्रिकांवर आमची चूल चालायची.  हे उठले, देवघरात गेले आणि तिची पत्रिका आणून तिच्या हातात दिली.

"तुझी तू ठेव," म्हणाले.