नमस्कार करणारे घोडे

तिसऱ्या थांब्यावर दोनशे माणसं दोरीला पोट लावून उभी होती आणि सगळ्यांचे डोळे एका घोडीच्या मानेवर खिळले होते. मान हळूहळू खाली येत होती. ती गुडघ्यापर्यंत आली तशी गर्दीत कुजबुज उठली, "केला. नमस्कार केला."

ज्यांना तो नमस्कार होता ते पवनगुरू स्टुलावर बसून मंत्र म्हणत होते. भर धुळीत त्यांच्या पांढऱ्या कफनीवर डाग नव्हता.

शर्यत एकशेवीस किलोमीटरची. दर तीस किलोमीटरला थांबा, तासाभराची विश्रांती आणि मग डॉक्टरची तपासणी. घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला चौसष्टच्या आत आले तरच पुढे जायचं, नाहीतर घोडा बाद. गुरूंचा चमत्कार नेमका इथेच होत असे. चिमूटभर अंगारा घोड्याच्या हिरड्यांना चोळायचा, चाळीस मिनिटं मंत्र म्हणायचा, की ठोके पन्नासच्या खाली. वर नमस्कार फुकट.

मी नालबंद. पंचवीस वर्षं घोड्यांचे पाय मांडीवर घेऊन नाल ठोकतोय, त्यामुळे माझी नजर आधी पायांकडे जाते. या घोडीचे मागचे पाय एकमेकांत अडकत होते. घोडी माझ्या बहिणीच्या नवऱ्याची, आणि तिच्यावर बसून नव्वद किलोमीटर आलेली माझी भाची.

"भाऊजी, घोडी झुलतेय," मी म्हटलं.

"भक्तीनं झुलतेय," ते म्हणाले. त्यांचे हात जोडलेले होते.

"ती पाणी पीत नाहीये, मामा," भाची हळूच म्हणाली. "सकाळपासून दोनदाच तोंड लावलं."

ते गुरूंच्या कानावर गेलं. "तिला तहान उरली नाही, मुली. देहाच्या वर गेली ती. घोडा पायांनी पळत नाही, वाऱ्यानं पळतो. तो वारा हृदयात अडकतो म्हणून ठोके वाढतात. आम्ही तो मोकळा करतो."

"म्हणजे गॅस?" मागून कुणीतरी विचारलं. शिष्यांनी वळून बघितल्यावर तो माणूस गर्दीत मागे सरकला.

मला गेल्या वर्षीचा विजेता आठवला. तोही अंगारा लावून पळाला होता आणि दुसऱ्या सकाळी तबेल्यात मेला. गुरूंनी त्याला मुक्ती मिळाल्याचं जाहीर केलं, आणि मालकानं तबेल्यात फोटो लावला. घोड्याचा नव्हे, गुरूंचा.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्या या शर्यतीला नवीन होत्या. घोडीच्या छातीला नळी लावून त्यांनी घड्याळ बघितलं.

"अठ्ठेचाळीस."

टाळ्या पडल्या. बाईंनी नळी काढली नाही, पोटावर सरकवली आणि बराच वेळ ऐकलं. मग खांद्याची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली.

"ठोके पास. घोडी नापास."

"असं कसं?" भाऊजी पुढे आले. "चौसष्टच्या आत म्हणजे पास. नियमच आहे."

"तिचं पोट मुकं झालंय, आतड्यांचा आवाजच नाही. अंगात पाणी नाही. आणि हा खालचा ओठ बघा कसा लोंबतोय, पापण्या अर्ध्या मिटल्यात. घोड्याचे वाढलेले दात कानसायच्या, म्हणजे कानशीनं घासायच्या आधी मी गुंगीचं औषध देते, तेव्हा माझ्यासमोरही घोडे असाच नमस्कार करतात. मला कोणी स्टूल देत नाही."

कुणीतरी हसलं. गुरू मात्र शांत होते. "तुम्ही श्रद्धेची परीक्षा घेताय, बाई."

"श्रद्धेची नाही, अंगाऱ्याची."

घोडीला सलाइन लावून बाईंनी शर्यतीच्या चिटणीसांना बोलावलं. पाण्याच्या गाडीचा म्हातारा घोडा सकाळपासून सावलीत उभा होता. एक पाऊल पळाला नव्हता. त्याचे दात आज कानसायचेच होते, म्हणजे गुंगी द्यावीच लागणार होती. गाडीवाल्याला विचारून चिटणीसांनी गुरूंच्या बटव्यातला चिमूटभर अंगारा हातमोजा घालून त्या घोड्याच्या हिरड्यांना चोळला. मंत्र नाही, गुरू नाही.

चाळीस मिनिटं गर्दी हलली नाही. बाई सलाइनची बाटली धरून बोलत होत्या, भाचीशी, पण ऐकत सगळेच होते. "घोड्याचा घाम आपल्यापेक्षा खारट. पाण्याबरोबर मीठही इतकं जातं की मेंदूला तहान कळत नाही. आतून कोरडा पडतो आणि पाण्याकडे बघत नाही. तरी पळवला तर स्नायू फुटायला लागतात."

घोडीनं तेव्हाच लघवी केली. ती काळपट तांबडी होती. भाऊजींचे जोडलेले हात सुटले.

"हा फुटलेल्या स्नायूंचा रंग," बाई म्हणाल्या. "आता मूत्रपिंडं वाचवायचीत. ठोके वाढतात तेव्हा घोडा ओरडत असतो. यांनी तिचं तोंड दाबलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या."

तेवढ्यात म्हाताऱ्या घोड्याची मान खाली यायला लागली. ओठ लोंबला, गुडघ्यापर्यंत मान आली. अगदी भक्तिभावानं त्यानं समोरच्या पत्र्याच्या संडासाला नमस्कार केला.

हशा पिकला. "गुरुकृपा अंतर मानत नाही," एक शिष्य म्हणाला, पण त्याचा आवाज चढला नाही.

"मग तुमच्याच हिरडीला लावा थोडा," चिटणीसांनी बटवा गुरूंपुढे धरला.

गुरू म्हणाले, आज आमचा उपवास आहे.

बटवा तपासणीला गेला. राखेत गुंगीचं औषध कालवलेलं निघालं. मंत्र चाळीस मिनिटांचा का, तेही कळलं: औषध चढायला तेवढाच वेळ लागतो. शिवाय तासभर उभ्या केलेल्या घोड्याचे ठोके थोडे आपोआपच उतरतात. अर्धं श्रेय विश्रांतीचं, अर्धं औषधाचं, आणि नमस्कार गुरूंना.

घोडी चार दिवस सलाइनवर राहून वाचली. शर्यतीत मात्र ती पुन्हा पळणार नाही.

पाचव्या दिवशी मी तिचे नाल काढत होतो. भाची तिच्या बापाला म्हणाली, "बाबा, ती पाणी पीत नव्हती हे तुम्हाला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग?"

"गुरू म्हणाले, म्हणून..." भाऊजी हातातला खरारा तेवढा घोडीच्या पाठीवरून फिरवत राहिले.

गुरू आता दुसरीकडे बसतात म्हणे. तिथेही दोरी असेल, गर्दी असेल. तिथल्या लोकांना माझं एवढंच सांगणं आहे: घोड्याच्या जबड्याखाली शीर असते. तिच्यावर दोन बोटं ठेवा, घड्याळ बघा आणि स्वतः मोजा. आकडा मोठा आला तर घोड्याला थांबवा. आणि कुणी तो आकडा खाली आणून देतो म्हणाला, तर हात जोडायच्या आधी त्याला विचारा, कशानं?