कानाला कुलूप

त्या वर्षी आइस हॉकीची जागतिक स्पर्धा पृथ्वीच्या अशा कोपऱ्यात भरली होती की तिकडे सामना रंगात यायचा तेव्हा इकडे सगळे घोरत पडलेले असायचे. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या त्या धुलाईघरातल्या मंडळींनी त्यावर तोड काढली होती. मुकादम घरी सामना रेकॉर्ड करून आणायचा आणि जेवणाच्या सुट्टीत, रटाळ भाग पळवत, जेवणघरातल्या टीव्हीवर लावायचा. अट एकच. तोवर निकाल कुणी ऐकायचा नाही. रेडिओ नाही, पेपर नाही, फोनवर बातम्या नाहीत. याला ते ‘कानाला कुलूप’ म्हणत, आणि कुलूप मोडणाऱ्याशी कुणी महिनाभर बोललं नसतं.

त्यांच्या स्वतःच्या देशाला या स्पर्धेच्या उंबरठ्यावरही कुणी उभं करत नव्हतं. त्यामुळे जो तो परक्याचं लेकरू दत्तक घेतल्यासारखा एकेक संघ धरून बसला होता. गाडीवरचा ड्रायव्हर स्वीडनचा. घड्या घालणाऱ्या काकू फिनलंडच्या, कारण त्यांच्या मते फिनलंडचा गोली, म्हणजे गोलरक्षक, दिसायला सालस होता. मुकादम जिंकेल त्याचा.

आणि या सगळ्यांत शब्द चालायचा तो इस्त्रीच्या रुळावर काम करणाऱ्या भिंतीचा. तरुणपणी तो गावच्या संघाचा गोली होता. त्याच्या अंगावरून पक, म्हणजे खेळातली ती रबरी चकती, आत जात नसे, म्हणून सगळे त्याला भिंत म्हणत. पुढे गुडघा गेला, पण नजर राहिली. टीव्हीसमोरची पहिली खुर्ची त्याची.

शिवणखोलीतले मास्तर हे या भिंतीच्या बहिणीचे यजमान. फाटक्या चादरींना ठिगळं लावायची आणि उरल्या वेळात वाचायचं, हा त्यांचा जन्म. आइस हॉकीवरची वाचनालयातली सगळी पुस्तकं त्यांनी वाचली होती, बर्फावर मात्र एकदाही पाय ठेवला नव्हता. टेबलाच्या टोकाला बसून ते काहीतरी पुटपुटायचे आणि ते कुणाच्या कानापर्यंत पोचायच्या आत ड्रायव्हर म्हणायचा, “मास्तर, तुम्ही उसवलेलं शिवा. इथं खेळाचं चाललंय.”

उपांत्यपूर्व फेरीच्या सकाळी मास्तर दाढी करत होते. शेजाऱ्याचा रेडिओ खिडकीतून ओरडला की स्वित्झर्लंडनं शेवटच्या सत्रात कॅनडाला गारद केलं. मास्तरांनी कानावर हात ठेवले, पण उशीर झाला होता. यात त्यांचा काही दोष नव्हता. दोष झाला तो दुपारी.

“कॅनडा,” भिंत म्हणाला. “स्वित्झर्लंडचे बचाववाले थकलेत. मागच्या सामन्यात बघितलं ना, वळताना पाय ओढत होते.”

“अगदी बरोबर,” मुकादम म्हणाला.

“स्वित्झर्लंड,” मास्तर म्हणाले. “शेवटच्या सत्रात.”

आपण हे मोठ्यानं बोललो, याचं आधी त्यांनाच नवल वाटलं.

“घ्या! पुस्तकातला किडा बोलला!” ड्रायव्हरनं टाळी मागितली. काकूंनी टाळी दिली.

तासाभरानं त्याच काकू मास्तरांकडे तोंडात बोट घालून बघत होत्या. मुकादमानं त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा नाकावरून घसरला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या पाठीवर पडलेली ती पहिली थाप. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, आणि मास्तरांच्या तोंडून निघालं, “अंदाज होता.”

उपांत्य सामन्याच्या सकाळी मात्र शेजाऱ्याचा रेडिओ गप्प होता. मास्तरांनी चहाचं आधण ठेवलं, बायको अजून अंथरुणात आहे हे पाहिलं आणि स्वतःचा रेडिओ कानाशी धरून बारीक आवाजात लावला.

त्या दुपारी भिंतीनं चेकियाच्या बाजूनं सुरेख मुद्दे मांडले. गोली पुढं येऊन कोन कसा झाकतो, ते त्यानं मीठदाणी आणि दोन चमचे मांडून दाखवलं. सगळं खरं होतं. पण खेळ खऱ्या मुद्द्यांचं नेहमी ऐकतोच असं नाही. जादा वेळेत पक कुणाच्या तरी बुटाला लागून आत गेला आणि फिनलंड जिंकलं. मास्तरांनी जेवायला बसतानाच सांगितलं होतं, “फिनलंड, जादा वेळेत.”

भिंत हळूच उठला. “बसा भाऊजी इथं,” तो म्हणाला. “इथून नीट दिसतं.”

आणि मास्तर बसले. खुर्ची अजून ऊबदार होती.

अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, “दादानं त्या पोरांचं काम नाकारायचं ठरवलंय.”

“कुठलं काम?”

“तुम्हाला बोलला नाही? बर्फाच्या मैदानावर लहान गोलींना शिकवायला बोलावलंय त्याला. कधीपासून वाट बघत होता. उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय. आता म्हणतो, मला खेळ दिसतच नाही, पोरांना काय शिकवू? भाऊजींनी पुस्तकं वाचून ओळखलं ते मला जन्मभर खेळून कळलं नाही.” तिनं मान वर केली. “तुम्ही समजावा ना त्याला. तुमचं ऐकेल.”

मास्तर तसेच चपला घालून निघाले. भिंत दारातच बसला होता, गुडघ्याला तेल चोळत. मास्तरांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. शेजाऱ्याचा रेडिओ, स्वतःचा रेडिओ, आधण.

भिंत ऐकत राहिला आणि मग चक्क हसला.

“माझ्या बहिणीनं पाठवलं ना?”

“नाही रे, खरंच—”

“भाऊजी, तुम्ही रांगेत कुणाच्या पुढं जात नाही. दुकानदारानं चुकून जास्त दिलं तर परत द्यायला जाता. तुम्ही कुलूप मोडणार? माझ्यासाठी स्वतःवर आळ घेताय, कळतं मला. पण मी काही लहान पोर नाही.” त्यानं तेलाच्या बाटलीला बूच लावलं. “या आत, चहा घ्या.”

मास्तर आत गेले नाहीत. शिवी परवडली असती. हा चांगुलपणा अंगावर घेऊन घरापर्यंत चालणं जड गेलं.

सकाळी त्यांनी रेडिओ लावला तो दणदणीत आवाजात. बायको स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. “अहो, आज अंतिम सामना ना? कानाला कुलूप नाही का तुमचं?” मास्तर कान देऊन ऐकत राहिले. प्रत्येक गोल पुटपुटून पाठ करत राहिले. ती त्यांच्याकडे बघत उभी होती.

“म्हणजे दादा हरला तो असा?” ती म्हणाली. आणि आत निघून गेली. त्या दिवशी तिनं डबा भरून दिला, पण हातात दिला नाही. टेबलावर ठेवला.

जेवणघरात लग्नघरासारखी गडबड होती. ड्रायव्हरनं गळ्यात पिवळा रुमाल बांधला होता. स्वीडन अंतिम फेरीत, तेही फिनलंडशी! “काकू, तुमचा सालस मुलगा आज रडणार.”

“तुझे नऊही पाठवून दे त्याच्यासमोर,” काकू म्हणाल्या.

“सहाच असतात काकू, गोली धरून.”

“मग अजूनच सोपं!”

“थांबा थांबा,” मुकादम रिमोट उंचावून म्हणाला, “आधी मास्तर काय म्हणतात ते ऐकू.”

पहिली खुर्ची रिकामी ठेवली होती. मास्तर तिच्यामागं उभे राहिले. भिंत टोकाला, त्यांच्या जुन्या जागेवर बसला होता.

“स्वीडन तीन, फिनलंड दोन,” मास्तर म्हणाले. ड्रायव्हरनं शिट्टी वाजवली. “पहिला गोल फिनलंडचा, स्वीडनचा एक माणूस शिक्षा भोगत बाहेर असताना. मग स्वीडनचे लागोपाठ दोन, दोन्ही सात नंबरवाल्याचे. तिसऱ्या सत्रात फिनलंडची बरोबरी. आणि अगदी शेवटी फिनलंडच्या बचाववाल्याच्या काठीला लागून पक त्यांच्याच जाळ्यात.”

शिट्टी मध्येच विरली.

“हा अंदाज नाही,” मास्तर म्हणाले. “सकाळी रेडिओवर ऐकलं. आधीचे दोन्हीही ऐकलेलेच होते. माझ्या मेहुण्याला खरं वाटत नाही, म्हणून तुमच्यादेखत सांगतोय. लावा, बघा.”

मुकादमानं बटण दाबलं. कुणी डबा उघडला नाही. पहिला गोल फिनलंडचा झाला, स्वीडनचा माणूस बाहेर बसलेला असताना. काकू टाळ्या वाजवायला गेल्या आणि हात तसेच मांडीवर ठेवले. मग सात नंबरवाल्यानं एक मारला. मग दुसरा. ड्रायव्हरनं गळ्यातला रुमाल सोडून खिशात कोंबला. “सगळं आयुष्य वाट बघितली या सामन्याची, मास्तर,” तो म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

मास्तर उभेच होते. बसायचं कुठं हेच त्यांना समजेना.

भिंत उठला. त्यांच्या शेजारून जाताना थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “काल तुम्ही खरं बोललात. आणि मी तुम्हाला चहा पाजत होतो.” मग तो लंगडत बाहेर बोळात गेला. दार पुरतं लागलं नव्हतं. फोनवर तो कुणाला तरी सांगत होता, “हो, येतो मी. नाही, नाही, विचार बदलला. पोरांना म्हणावं, आधी नुसतं उभं राहायला शिकवणार.”

तो परत आला तेव्हा तिसरं सत्र चालू होतं. पहिली खुर्ची रिकामीच होती. तो तिच्यात बसला आणि सवयीनं बोलायला लागला. “बघा आता, या गोलीचं डावं पाऊल. फार मागं चाललाय. यातूनच गोल जाणार.”

“जाणार हे माहीतच आहे,” मुकादम कडवटपणे म्हणाला.

“जाणार ते सांगितलंय. का जाणार ते कुणी सांगितलंय का?” भिंत म्हणाला, आणि काकूंनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. ड्रायव्हरही पुढं सरकला. भिंतीनं टेबलावरची मीठदाणी घेतली, चमचे मागितले. एक चमचा मास्तरांच्या न उघडलेल्या डब्यावर होता. काकूंनी तो उचलून पुढं दिला, मास्तरांकडे न बघता.

भिंतीचं म्हणणं अगदी बरोबर होतं. मास्तरांना ते कळत होतं, आणि तसं म्हणावंसंही वाटत होतं. पण त्या टेबलावर आपल्या ‘बरोबर आहे’ला आता काय किंमत, हे कळायला पुस्तक लागत नव्हतं. ते शिवणखोलीत गेले आणि त्यांनी मशीन चालू केलं. जेवणघरातून गलका आला, तो बरोबरीचा की शेवटच्या गोलचा, हे ओळखण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही.