गणितानंतरची झोप

मला गाडीत बसून वाट बघता येत नाही. माझा स्वभावच नाही तो. शाळा सुटायच्या वेळी मी फाटकासमोर पिकअप उभी केली की हॉर्न वाजवते, आणि टीगन दिसेपर्यंत वाजवत राहते. आमच्या पिकअपचा हॉर्न आजारी गाईसारखा ओरडतो, गावात सगळ्यांना तो ओळखू येतो. "आई, प्लीज," माझी लेक दार आपटत म्हणते, "एक दिवस तरी गाव गोळा करू नकोस." मी म्हणते, "मग वेळेवर बाहेर ये." ती तिसरीत होती तेव्हापासून आमचं हेच चाललंय.

तर डिसेंबरातल्या त्या शनिवारी जिल्ह्याच्या गावी, परक्या शाळेच्या पार्किंगमध्ये मला सकाळभर गप्प बसायचं होतं. आत टीगन एसीटी देत होती, कॉलेजच्या प्रवेशाची परीक्षा. तिसऱ्यांदा, आणि शेवटचं.

तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. कोकरू अडलं की आमच्या गल्लीतले लोक डॉक्टरच्या आधी तिला हाक मारतात, इतकं तिला त्यातलं कळतं. आमच्या नेब्रास्का राज्याच्या पार पूर्वेकडे एक कॉलेज आहे, तिथली मोठी शिष्यवृत्ती मिळाली की फी, राहणं, जेवण, सगळं त्यांच्याकडे. नाही मिळाली तर आम्हाला ते कॉलेज झेपणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. छत्तीसपैकी तीस गुण हवेत. दोनदा दिली, दोन्ही वेळा अठ्ठावीस. इंग्रजी उत्तम, वाचन उत्तम, विज्ञान बरं, आणि गणिताने दोन्ही वेळा पाय ओढले.

मग पोरीने गणिताचा ध्यासच घेतला. किराणा दुकानातली पाळी संपवून यायची आणि बूटही न काढता वही उघडायची. न्हाणीघरातल्या आरशावर साबणाने सूत्रं लिहायची. मी पुसली की भांडायची. "अगं, मला तोंड बघायचंय माझं!" मी ओरडायची. "काय बघायचंय त्यात, कालचंच आहे," ती आतून म्हणायची. जीभ माझीच घेतली आहे कार्टीने.

बाकीच्या विषयांना तिने हातही लावला नाही. का, तर सुपरस्कोअर. आमच्याकडच्या पोरांना बायबलमधला एक श्लोक धड येत नाही, पण हे सगळ्यांना पाठ. कॉलेजवाले तुमच्या सगळ्या परीक्षा समोर ठेवतात, प्रत्येक विषयाचे सगळ्यात चांगले गुण उचलतात आणि त्यांची सरासरी धरतात. एकदा इंग्रजीत चांगले पडले की ते तुमचे, कायमचे. म्हणून पोरं शेवटच्या परीक्षेला एकच विषय घेऊन बसतात आणि बाकीच्या वेळात पेपरवर डोकं टेकून झोपतात. टीगनने येताना गाडीत मला बेत सांगितला होता. इंग्रजी नेहमीसारखं, हात चालायला म्हणून. मग गणित, जीव ओतून. मग सुट्टी. "आणि मग वाचन-विज्ञानाला मस्त झोप काढणार, आई. संध्याकाळी दुकानात कामाची पाळी आहे." सुपरस्कोअर चालतो असं कॉलेजच्या पत्रकात छापलंच होतं, मी स्वतः वाचलं होतं. मी म्हटलं, "घोरू नकोस म्हणजे झालं."

थंडी अशी होती की काचेवर माझा श्वास गोठत होता. मी रेडिओ लावला, बंद केला. डब्यातला कोलाचे, जर्दाळू भरलेला गोड पाव, अर्धा खाल्ला, उरलेला परत ठेवला, मग तोही खाल्ला. गाडीतून उतरले, टायरला लाथ मारली, परत बसले. तेवढ्यात कुणीतरी काचेवर टकटक केलं. ड्वेन हॅव्हलिक. त्याची-माझी ओळख व्हॉलीबॉलच्या सामन्यांतली, त्याची मोठी मुलगी टीगनबरोबर खेळायची. दोन्ही हातांत कॉफी घेऊन उभा.

"काय जोनेल, नखं उरलीत का अजून?"

"एका हाताची उरलीत. तुझा कोल्बी आत आहे का?"

"आहे ना. चौथी खेप. त्याला वीसच हवेत, मास्तरकीच्या कॉलेजला. पण वीसचा आकडा बघितला की त्या पोराला घामच फुटतो." तो शेजारी येऊन बसला. "टीगन काय करतेय?"

मी सगळं सांगितलं. कॉलेजचं नाव सांगितलं तसा त्याने कप खाली धरला.

"मोठी शिष्यवृत्ती? तीसवाली?"

"हो."

"अगं, तिला सुपरस्कोअर चालत नाही. माझ्या पुतण्याचं गेल्या वर्षी तेच झालं. प्रवेशाला चालतो. शिष्यवृत्तीचं ऑफिस वेगळं, त्यांना एकाच बैठकीतले तीस लागतात. आम्ही किती भांडलो. मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय म्हणाले."

मी कॉफी डॅशबोर्डवर ठेवली, ती सांडली, मी बघितलंही नाही. फोनवर ते पत्रक काढलं. मागच्या पानावर होतं. बारीक अक्षरात होतं.

"सुट्टी झाली का?" मी विचारलं.

"आत्ताच होत असेल," ड्वेन म्हणाला, आणि मी पळत सुटले.

शाळेच्या काचेच्या दारामागे मिसेस वोस्त्री खुर्ची टाकून बसल्या होत्या. आमच्या चर्चमध्ये पियानो वाजवतात त्या. त्यांनी दार बोटभर उघडलं.

"जोनेल, आत नाही येता येणार."

"मला नाही यायचं. टीगनला फक्त एवढं सांगा, झोपू नकोस म्हणावं. बस. एवढंच."

"नाही सांगता येत गं."

"अहो, उत्तर नाही सांगत आहे मी! झोपू नकोस, एवढंच! ही काय कॉपी झाली?"

"बाहेरचा एक शब्द आत गेला की तिचा पेपर रद्द, आणि माझं काम गेलं." त्यांचा आवाज खाली आला. "तिने तुझ्याकडे बघून नुसती मान हलवली ना, तरी मला लिहून द्यावं लागेल. तू जा बाई इथून. तिच्यासाठीच सांगतेय."

तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरून मला टीगन दिसली. पाण्याच्या नळापाशी, निळा हूड, पाठ माझ्याकडे. हात वर करून आळस देत होती आणि शेजारच्या मुलीला काहीतरी सांगून हसत होती. तिचं गणित चांगलं गेलंय हे मला पाठीवरून कळलं. मी हाक मारायला तोंड उघडलं. ती वळायला लागली आणि मी, आयुष्यात कुणापुढे न वाकलेली बाई, खाली बसले आणि कचऱ्याच्या पिंपामागे लपले. तिने मला बघू नये म्हणून.

घंटा झाली. पोरं आत गेली.

मी परत आले आणि पिकअप चालू केली. सकाळी तिला सोडताना तिची खोली दिसली होती, कोपऱ्यातली, खालच्या मजल्यावरची. मी गाडी नेऊन बरोब्बर त्या खिडकीखाली लावली. पडदा अर्धा वर होता. रांगेने डोकी खाली. तिसऱ्या रांगेत निळा हूड डोक्यावर ओढलेला, गाल बाकावर, हात खाली लोंबते. लहानपणी गाडीत मागे झोपायची अगदी तशी.

हॉर्न. एकच हॉर्न. तो ऐकला की ती मेलेली असली तरी उठून बसेल. आई आली, काहीतरी बोंबललंय, एवढं तिला कळेल. कुठल्या नियमात लिहिलंय की रस्त्यावरच्या गाडीने हॉर्न वाजवू नये? मी हात ठेवला.

तिच्यापुढच्या बाकावर कोल्बी होता. कपाळ मुठीने चोळत होता आणि त्याचे ओठ हलत होते. एक एक ओळ बोटाने धरून वाचत होता बिचारा. त्याच्यापलीकडे एक बारकी मुलगी, पेन्सिल दातात, डोळे मिटून काहीतरी आठवत होती. माझी गाय ओरडली असती तर सगळी खोली उडाली असती.

ड्वेन गाडीपाशी आला होता. माझा हात कुठे आहे ते त्याने बघितलं. त्याने टोपी काढली आणि हातात धरून नुसता उभा राहिला. बोलला असता तर मी वाजवला असता.

हात कितीतरी वेळ तिथेच होता. मग मी तो काढला, मांडीखाली दाबून धरला, आणि संतापाने रडले. देवाला, त्या ऑफिसला, बारीक अक्षरं छापणाऱ्याला, ड्वेनच्या पुतण्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या. आत माझी लेक झोपली होती आणि मी काचेतून तिला झोपलेली बघत होते.

ती बाहेर आली ती धावतच. गालावर बाहीची शिवण उमटली होती. "आई! आई, मला सगळं आलं! शेवटचं त्रिकोणाचं गणितसुद्धा! आणि तू हॉर्न नाही वाजवलास, बरी आहेस ना?" तिने मला मिठी मारली. तिच्या केसांना पेन्सिलीचा वास येत होता.

"भूक लागली असेल," मी म्हटलं.

हमरस्त्यावरच्या खानावळीत तिने पॅनकेकची चळत मागवली. पाक ओतला, लोणी चोपडलं आणि तोंडात घास असतानाच मला नॅपकिनवर त्रिकोण काढून दाखवला. कॉलेजच्या गोठ्यात कुठल्या जातीच्या गाई आहेत ते सांगितलं. खोलीत कुठला पलंग घेणार ते सांगितलं. मी हो हो करत राहिले. मला गप्प बसता येत नाही म्हणून सगळा गाव माझी टिंगल करतो. ताटली रिकामी होईपर्यंत मी गप्प बसले.

मग सांगितलं. फोनवरचं ते पान तिच्यापुढे सरकवलं. तिने दोनदा वाचलं.

"फेब्रुवारीत नाही का परत?"

"त्यांना याच महिन्यापर्यंतचे गुण लागतात. मी सोमवारी फोन करणारच आहे. सोडणार नाही त्यांना."

"छापलंय, आई. काय भांडणार?" तिने नॅपकिनची घडी घातली, आणखी बारीक घडी घातली. "तुला कधी कळलं?"

"तू आत होतीस तेव्हा."

"झोपायच्या आधी?"

"दारापर्यंत आले होते गं. त्यांनी नाही येऊ दिलं."

"आणि हॉर्न?"

माझ्याने तिच्याकडे बघवेना. "हात ठेवला होता."

"मग?"

"कोल्बी वाचत होता. सगळी पोरं लिहीत होती, टीगन. त्यांचंही..."

मला वाटलं, शिव्या देईल. देऊ दे, मी मनात म्हटलं. पण तिने हात पुढे केला. "किल्ली दे."

मी दिली. ती उठली, कोट न घालता बाहेर गेली. खिडकीतून मला दिसत होतं. पिकअपमध्ये चढली, दार लावलं, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि कपाळ त्यावर टेकलं.

आणि हॉर्न वाजायला लागला. थांबेच ना. खानावळीतले सगळे वळून बघायला लागले. एका म्हाताऱ्याने कानावर हात ठेवले. वेट्रेस हातात कॉफीचं भांडं घेऊन माझ्यापाशी आली.

"कुणाची गाडी आहे हो ती? कुणीतरी थांबवा ना."

"माझी आहे," मी म्हटलं. "माझी मुलगी आहे. वाजवू दे तिला."