डॉक्टरांचा फोन

वाचा गेली तेव्हा डॉक्टर सुदेश टिपणीस आपल्या दवाखान्यातच होते. समोरच्या पेशंटला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगता सांगता वाक्य मध्येच तुटलं, उजवा हात टेबलावरून घसरला, आणि अर्ध्या डोंबिवलीला कधी दम देणारा, कधी धीर देणारा तो खर्जातला आवाज मिटला तो मिटलाच. पक्षाघातातून जीव वाचला. काठी टेकत घरातल्या घरात फिरता येऊ लागलं. समजायचं सगळं, पण ओठांवर शब्द म्हणून येईना. फार जोर केला तर घशातून एक ओबडधोबड आवाज निघे. तो ऐकून त्यांचं त्यांनाच कसंतरी व्हायचं. पुढे पुढे त्यांनी तोंड उघडणंच सोडून दिलं.

घराखालचा दवाखाना सून ऐश्वर्या चालवू लागली. तीही डॉक्टर, नवरा जहाजावर. त्याच सुमारास स्टेशनच्या रस्त्याला एक मोठं पॉलीक्लिनिक उघडलं. थंडगार एसी, मोबाइलवरून नंबर, रिपोर्ट घरबसल्या. टिपणिसांच्या दवाखान्यातले बाक ओस पडले. ऐश्वर्याने कंबर कसली. सगळ्या पेशंटची माहिती कॉम्प्युटरवर चढवली. ईसीजीचं छोटं मशीन आणलं. त्यातला आलेख फोनवरून लगेच ठाण्याला, नौपाड्यातल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचा आणि त्यांचा सल्ला तिथल्या तिथे यायचा. तरी जुनी माणसं काही फिरकेनात. “आता मोठे डॉक्टर नाहीत ना,” एवढंच म्हणायची.

मग सॉफ्टवेअरवाल्याने विचारलं, मोठ्या डॉक्टरांचा आवाज कुठे जपून ठेवलाय का? तो होता. व्हॉट्सअ‍ॅपवर पेशंटना बोलून पाठवलेले निरोप होते, सोसायटीत मधुमेहावर दिलेली भाषणं होती. तेवढ्यावर यंत्राने डॉक्टरांचा आवाज हुबेहूब उभा केला.

ऐश्वर्या वर आली. “बाबा, पेशंटना आठवण करून देणारे फोन तुमच्या आवाजात जातील. चालेल तुम्हाला? नको असेल तर तसं सांगा, नाही करायचं.”

डॉक्टरांनी मान डोलावली. गेलेलं काहीतरी परत मिळतंय असं त्यांना वाटलं.

फोन जाऊ लागले आणि बाक भरले. दिव्याहून, कल्याणहून जुनी माणसं पुन्हा येऊ लागली. डॉक्टर बरे झाले असं समजून काहीजण वर भेटायला यायचे. “काल फोनवर काय झकास बोललात, डॉक्टर!” असं म्हणत आत शिरायचे, खुर्चीतला वाकड्या तोंडाचा, मुका माणूस पाहायचे आणि चहा न घेताच खाली उतरायचे. डॉक्टर गॅलरीत बसले की खालून, भाजीवाल्याच्या गाडीपाशी, कुणाच्या तरी फोनमधून त्यांचाच आवाज यायचा. तो आवाज थकत नव्हता, खोकत नव्हता, कुणावर चिडत नव्हता. हळूहळू त्यांना वाटू लागलं की डॉक्टर टिपणीस म्हणून जो कोणी होता तो खाली गावभर हिंडतोय, आणि इथे खुर्चीत उरलंय ते निव्वळ त्याचं कलेवर. फोनची रिंग वाजली की ते कानांवर हात ठेवायला जायचे. पण एकच हात वर जायचा. दुसरा कान उघडाच राहायचा.

त्याच गॅलरीतल्या शेजारच्या खोलीत कलावतीबाई सकपाळ एकट्याच राहायच्या. मुलगी दिव्याला; तिथे पाण्याची बोंब, म्हणून रविवारी धुण्याची पिशवी घेऊनच आईकडे यायची. बाईंना कमी ऐकू येई, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर.

त्या दुपारी सरोजताई, डॉक्टरांच्या पत्नी, बँकेत गेल्या होत्या. डॉक्टर गॅलरीत बसले होते. केमिकल कंपन्यांकडून येणारा तो नेहमीचा उग्र वास हवेत भरला होता. शेजारी फोन वाजला.

“नमस्कार, कलावतीबाई. मी डॉक्टर टिपणीस बोलतोय. तब्येत कशी आहे?”

“बरं झालं डॉक्टर, तुमीच फोन केलात. सकाळपासून छातीवर दगड ठेवल्यागत झालंय. डावा हात जड पडलाय, घाम थांबत नाय.”

“वा, छान. बीपीची गोळी वेळेवर घेताय ना?”

“घेतली ओ. पण जीव लय घाबरा होतोय. खाली येऊ काय दवाखान्यात?”

“गुरुवारी सकाळी या. तोवर काळजी करू नका. आराम करा.”

“बरं. तुमी म्हणताय तर पडते जरा.”

गॅलरीत डॉक्टरांनी काठी ओढून घेतली. घाम, छाती, डावा हात. असं कुणी सांगितलं असतं तर हा माणूस जेवणाच्या ताटावरून उठून धावला असता. आणि त्याच्याच आवाजाने बाईला झोपायला पाठवलं होतं! ते काठी टेकत उठले, पडता पडता सावरले, भिंतीला धरून शेजारच्या दाराशी पोचले. दार लोटलेलं होतं.

बाई कॉटवर आडव्या झाल्या होत्या. उशाशी फोन अजून बोलत होता. डॉक्टर दारात उभे राहिले आणि जिवाच्या आकांताने ओरडले. उठा, खाली चला, असं त्यांना म्हणायचं होतं. घशातून निघाली ती गुरगुर.

कलावतीबाईंनी मान वळवली. उजेडाला पाठ करून कुणीतरी वाकडं उभं होतं, तोंडातून लाळ गळत होती. त्या किंचाळल्या आणि फोनलाच बिलगल्या. “डॉक्टर! ओ डॉक्टर! घरात कायतरी आलंय ओ!”

“धन्यवाद,” उशाशी डॉक्टर शांतपणे म्हणाले. “लवकर बऱ्या व्हा.”

दारातले डॉक्टर मागे सरले. गॅलरीत पाण्याचं रिकामं पिंप होतं. त्यावर ते काठीने घाव घालत सुटले. सगळी इमारत दणाणली. ऐश्वर्या धावत वर आली तेव्हा त्यांनी आपली छाती आवळून दाखवली आणि खोलीकडे बोट केलं. तिने मशीन मागवलं, तारा लावल्या. आलेख नौपाड्याला पोचला न पोचला तोच उत्तर आलं: ताबडतोब हलवा. अॅम्ब्युलन्समध्ये कलावतीबाई पुटपुटत होत्या, “डॉक्टरांनीच सांगितलं पडून राहा. मी त्यांचं ऐकलं ओ.”

बाई वाचल्या.

संध्याकाळी ऐश्वर्या सासऱ्यांसमोर खाली जमिनीवर बसली. “बाबा, फोन बोलत होता, पण ऐकणारं कुणीच नव्हतं. माझ्या लक्षातच आलं नाही.”

डॉक्टरांनी हात आडवा फिरवला. बंद.

“नको,” सरोजताई म्हणाल्या. दोघांनी वळून पाहिलं. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. “त्या यादीत मी माझा नंबर घालून घेतलाय. आठवड्यातून एकदा फोन येतो. ‘सरोजताई, तब्येत कशी आहे?’ विचारतात. मी सगळं सांगते. पाठ धरते ते, झोप लागत नाही ते. रडते सुद्धा.”

डॉक्टर बायकोकडे बघतच राहिले. आजारात ती त्यांना भरवत होती, न्हाऊ घालत होती, पण बोलत नव्हती. थकली असेल, असं ते समजत होते. ती बोलत होती, पण दुसऱ्याशी. त्यांनी तिच्याकडे बघतच पुन्हा हात आडवा फिरवला.

आवाज पुसला गेला. आता दवाखान्यात मदतीला असलेली प्राची स्वतः फोन करते. कुणी दुखतंय म्हटलं की फोन थेट ऐश्वर्याच्या हातात जातो. ईसीजीचं मशीन दिव्यापर्यंतच्या माणसांना माहीत झालंय. “डॉक्टरांचा फोन येत नाही हल्ली,” म्हणत काहीजण पॉलीक्लिनिककडे वळले, बरेचसे टिकले.

कलावतीबाई घरी आल्या. दवाखान्यात येतात, ऐश्वर्याशी गप्पा मारतात. पण गॅलरीत डॉक्टर दिसले की आपलं दार लावून घेतात. सगळ्यांनी समजावून पाहिलं. त्यांचं एकच: “दारात आलेलं ते डॉक्टर नव्हते. डॉक्टर तर तवा माझ्याशी फोनवर बोलत होते.”

सरोजताईंनी बरेच दिवस अबोला धरला. एका दुपारी त्या जवळच मेथी निवडत बसल्या होत्या. डॉक्टरांनी तोंड उघडलं. आधी नुसती हवा, मग ती गुरगुर, तिच्या पोटात कुठेतरी ‘स’सारखं काहीतरी. सरोजताईंचे हात थांबले. चेहऱ्यावर भीती आली. डॉक्टरांनी ती ओळखली, कलावतीबाईंच्या चेहऱ्यावर पाहिलेली. त्यांनी नजर खाली घातली.

सरोजताई उठल्या नाहीत.

“पुन्हा म्हणा,” त्या हळूच म्हणाल्या.