पहिला घास यजमानाचा

बोलतोय मी, पेशीद्रव. कांगोत, क्विलू नदीकाठच्या शेतात, कडू कसाव्याच्या, तुमच्या साबुदाण्याच्या कंदाच्या, मुळातल्या एका पेशीत माझा जन्म झाला. दिसायला मी पातळ खळीसारखा. अंगात बहुतेक पाणीच. त्याची मला लाज नाही.

माझ्या मांडीवर केंद्रक बसायचं. हुकूम सोडायचं. अन्न फिरवायचं मी, प्रथिनं घडायची माझ्यात, ऊर्जेच्या भट्ट्या पेटायच्या माझ्या अंगात. नाव मात्र केंद्रकाचं.

आणखी एक काम मी केलं. पेशीच्या पोटातल्या पिशवीत विषाचं कच्चं द्रव्य होतं. ते फोडून विष मोकळं करणारा रस बाहेर भिंतीत. मध्ये मी आडवा. जिवंत होतो तोवर दोघांची गाठ पडू दिली नाही.

मुखिया म्बुकूची भावजय कुसानिका. तिनं मुळं उपटली, सोलली आणि टोपलीत घालून ओढ्यात बुडवली. तिथं मी कुजू लागलो. पेशी फुटतात, विष सुटतं, पाण्यावाटे आणि वाऱ्यावाटे निघून जातं. पण त्याला वेळ लागतो. मुळं अजून कडक होती, तोच म्बुकू काठावर आला.

"वहिनी, काढा मुळं. पाहुणे आजच येतायत."

"अजून भिजली नाहीत, भावजी. खाणारे आडवे होतील."

"गावचा मुखिया कोण? तुम्ही की मी?"

"तुम्हीच. म्हणून पहिला घास तुमचा. पाहुण्यांदेखत यजमानानं आधी खायचं. मामंजींनी ही रीत कधी मोडली नाही. काढू का मग?"

म्बुकूनं एक मूळ दाबून पाहिलं. मग आभाळाकडं पाहिलं.

"घाई बरी नव्हे," तो म्हणाला. "आज पाहुण्यांना भाजलेली केळी वाढा."

"तुम्हाला सुचलं, बरं झालं," कुसानिका म्हणाली.

पाहुणे ओढ्यावर पाय धुवायला आले, तेव्हा तो त्यांना सांगत होता, "आमच्या बायका फार उतावळ्या. मुळं नीट भिजू द्या, म्हणून मलाच बजावावं लागतं." मला केंद्रकाची आठवण झाली. ते माझ्याआधीच विरघळलं होतं.

आता मी मऊ झालोय. टोपलीच्या फटींतून थोडा थोडा ओढ्याला मिळतोय. जन्मभर ज्या दोघांना दूर ठेवलं, त्यांना आता भेटू देतो. तेही कामच आहे.

माणसांनो, मला मारायचं तर पुरतं मारा. अर्धा मेलेला मी कुणाचाच नाही. मुखियाचाही नाही.